नावाने केलेली आंघोळ

सकाळी सव्वासातला जयसिंगने पडवीत उभं राहून मोजलं. ट्रक दोन. काळी मोटार अजून यायची होती. चंदेरी कागद चिकटवलेल्या फळ्या आठ, ऊन उचलून माणसाच्या तोंडावर टाकण्यासाठी. तीन पायांच्या लाकडी घोडीवर बसवलेला कॅमेरा एक, काळ्या फडक्याने झाकलेला. फिल्मचे पत्र्याचे गोल डबे अकरा. खुर्च्या सहा, त्यांतली एक छत्रीखाली, आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. बाहेरची माणसं बत्तीस. गावातली नीट मोजता येईनात, कारण ती एका जागी ठरत नव्हती. कुंपणाला टेकलेली आणि आंब्यावर चढलेली मिळून सव्वाशेच्या आसपास असावीत. घरातली माणसं चार: कुशाबा तात्या, गोजरा काकू, आई आणि तो स्वतः.

पाचवं माणूस मोटारीतून येणार होतं. ते घरातलं म्हणून मोजायचं नाही, असं आदल्या दिवशी जेवताना ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे तात्यांनी ठरवलं होतं. हात धुऊन ते पाटावरच बसून राहिले आणि जयसिंगकडे बघत म्हणाले, “जयसिंगा, आईला सांग. सुरंगीबाई नावाची नटी उद्या येनार. काम करंल, जाईल. तिचं न् या घराचं काय बी न्हाई. ती असंस्तवर तुझ्या आईनं माजघरातनं भाईर यायचं न्हाई.”

आई तीन हातांवर बसून वाढत होती. पण धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिराने सरळ बोलायचं नाही, ही घराची रीत. भिवाजीशी तिचं लग्न झाल्यापासून तीस वर्षांत तात्यांचा एकही शब्द सरळ तिच्यापर्यंत आला नव्हता. आधी भिवाजीवरून वळून यायचा, तो गेल्यावर जयसिंगवरून. जयसिंगने आईकडे पाहिलं. तिने भाताची मूद मोडून त्याच्या ताटात सारली.

“ऐकलं म्हनावं,” ती म्हणाली.

खरं तर तात्या स्वतःच्या शब्दातच अडकले होते. पौडच्या फकरुद्दीन शेठचा अन्वर मुंबईला कॅमेरावाल्याच्या हाताखाली काम करत होता. मुठा गावात नदीकाठी जुनं दगडी घर हवंय, आणि अंगणातून डोंगर दिसायला हवा, असं सांगत तो महिन्यापूर्वी आला. तात्यांना पोरगं आवडायचं. ते म्हणाले, घे अंगण, दिलं. नटीचं नाव त्यांनी आठ दिवसांनी विचारलं. अन्वरने ते आधीच का सांगितलं नाही, हे अन्वरलाच ठाऊक. कुशाबाने दिलेला शब्द परत घेतला, असं मुठा खोऱ्यात आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांचा दुसराही एक शब्द होता, नऊ वर्षांपूर्वीचा. जयसिंगची थोरली बहीण रत्ना पुण्याला मावशीकडे राहून मास्तरीण होणार होती. सतराव्या वर्षी ती गेली आणि वर्षभरात पौडच्या बाजारात, चहाच्या दुकानाच्या भिंतीवर, तिचं तोंड चिकटवलेलं तात्यांनी पाहिलं. खाली नाव वेगळं होतं, सुरंगी. घरी येऊन त्यांनी काकूला चुलवणावर पाणी ठेवायला सांगितलं आणि सगळ्या घराला रत्नाच्या नावाने आंघोळ करायला लावली. मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. आधी तात्या, मग भिवाजी, मग तेरा वर्षांचा जयसिंग, शेवटी न्हाणीच्या कुडाआड काकूबरोबर आई सगुणा. त्या दिवसापासून रत्ना मेली. भिवाजी पुढे दोन वर्षांनी खरोखरचा गेला, पण मरतानाही त्याने तिचं नाव घेतलं नाही.

जयसिंग आता पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला होता. मन अस्वस्थ झालं की मोजायचं, ही सवय त्याला प्रयोगशाळेने लावली, असं तो म्हणे. सवय त्याहून जुनी होती.

मोटार पावणेआठला आली. तिच्यातून आधी एक चष्मेवाला उतरला, गळ्यात फोटोचा कॅमेरा अडकवलेला. हा सिनेमाच्या मासिकाचा बातमीदार. मग ती उतरली. आंब्यावरून एक फांदी मोडल्याचा आवाज आला आणि दोन पोरं खाली पडली. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

तात्या ओट्यावरून उठून दोन पायऱ्या उतरले. “या,” ते म्हणाले. “वाटंत तरास न्हाई ना झाला?”

“नाही. रस्ता चांगला आहे,” ती म्हणाली आणि हात जोडले.

तिच्या बोलण्यात ‘हाय’ उरलं नव्हतं, ‘न्हाई’ही नव्हतं. तात्यांनीही हात जोडले. इतक्या सरळपणे एकमेकांशी खोटं वागणारी दोन माणसं जयसिंगने पूर्वी पाहिली नव्हती. हे जमतं ते एकाच रक्ताच्या माणसांना, असं त्याला वाटून गेलं.

दहाच्या सुमाराला ऊन फळ्यांवर नीट येईना म्हणून काम थांबलं. जयसिंग परसात फणसाखाली गेला तर ती आधीच तिथे उभी होती. अन्वर गोठ्याच्या कोपऱ्यावर विडी ओढत पहारा देत होता.

“पाच मिनटं,” अन्वर म्हणाला. “तो चष्मेवाला चहा पितुया. बशीतनं पितुया, म्हंजी पाच मिनटं नक्की.”

ती जयसिंगच्या समोरून वळसा घेऊन त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली.

“उंच झालास.”

“पाच फूट नऊ.”

ती हसली. “मोजतोस अजून?”

“इकडं का आलीस उभी राहायला? त्या बाजूला सावली आहे.”

“सवय. माणसाच्या डाव्या हाताला उभं राहिलं की त्याला माझी उजवी बाजू दिसते. डावीवर तू केलेली खूण आहे ना.”

डाव्या भुवईवर. तो सहा वर्षांचा होता, ती दहा, आणि विटी टोलवताना त्याने समोर पाहिलं नव्हतं. पाऊण इंचाची जखम, हळद दाबून बरी केलेली. आता तिथे मेणासारखं काही भरून वर रंग दिला होता. माहीत नसेल त्याला दिसलं नसतं.

“नऊ वर्षांत माझ्या डाव्या हाताला कुणी बसलेलं नाही,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी कॅमेरावाल्याने सांगितलं, ही बाजू तुझी नाही असं समज. मी समजले. नावाचंही तसंच. बारा नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, टोपीत टाकली, कंपनीच्या शेठच्या मुलीने एक उचलली.”

“आणि आई?”

गोठ्यात म्हैस खुरांनी दगड खरवडत होती.

“ते तू वाचलंस?”

“वसतिगृहात मासिक येतं. ‘माझा जन्म झाला आणि आई गेली. आमचं घराणं जुन्या सरदारांचं.’ पान सात.”

“मी नाही म्हटलं ते. म्हणजे म्हटलं. लिहून आणलेलं होतं, मी फक्त वाचलं. करारातच आहे जयसिंग, कुमारी सुरंगी हिला माहेर नाही. माहेर असलं की माणसं येतात, भाऊ येतात, भांडणं येतात. लोकांना एकटी बाई आवडते. मला दिवसाला तीनशे पत्रं येतात. त्यांतली निम्मी लिहितात, तुम्हाला आई नाही, आमच्या आईला आई म्हणा.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आईला ठाऊक आहे ते?”

“ठाऊक आहे. पौडच्या बाजारात एकीने सांगितलं तिला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मी मेले तर मेले, तिचं बरं चाललंय न्हवं?”

तिने फणसाच्या खोडाची साल नखाने टोकरली. मग निराळ्याच आवाजात बोलू लागली. “हा माझा तिसरा बोलपट. नटीच्या आयुष्यावरचा. सध्या असली चित्रं चालतात. पहिल्यात नटी विहिरीत उडी घेते. दुसऱ्यात वेडी होते. तिन्हींत मी रडते आणि लोक म्हणतात, काय सुंदर रडते. या वेळी आमचे दिग्दर्शक सबनीस म्हणाले, हिला एकदा घरी जाऊ देऊ. उंबऱ्यापर्यंत. आत नाही.”

“आत का नाही?”

“आत गेली तर चित्र संपतं.”

“चहा संपला,” अन्वर हलक्या आवाजात म्हणाला आणि विडी चपलेखाली विझवली.

अडचण आली ती उंबऱ्यावरच. प्रसंग साधा होता. नटी दारात उभी, आई आतून येते, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, पाणी पायांवर घालते, डोळ्यांना लावते. लांबून आलेलं माणूस घरात घेण्याआधी करतात तेवढंच. आईचं काम करणाऱ्या बाई मुंबईच्या होत्या, मोठ्या नाटकांतल्या. त्यांनी आरती ओवाळावी तशी भाकरी ओवाळली. कुंपणावरून हशा पिकला.

“बाई देवाला ववाळतीया का जेवाय वाढतीया?” कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्यांदा तुकडा घरातच पडला. तिसऱ्यांदा पाणी पायांवर घालायचं राहिलं. शिवाय पुण्याच्या खानावळीतून आणलेली भाकरी वाळून वर वळली होती, आणि जवळून घ्यायच्या चित्रात बाईंची बोटं लोण्यासारखी दिसत होती.

दिग्दर्शक सबनीस हे टक्कल असलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. ते ओट्यावर येऊन काकूपुढे उभे राहिले. “बाई, तुमच्या घरात हे रोजचं. जवळचं चित्र आहे, फक्त हात दिसतील. तोंड नाही, नाव नाही. आवाजही घेत नाही आपण या शॉटला, मुकाच आहे. तुम्ही कराल?”

काकूने आपले हात पुढे करून पाहिले. मग तिने ते पदराखाली घेतले.

“माझ्या हातावर तेल सांडलंय पंचमीला, डाग हायेत,” ती म्हणाली. “माझ्या जावंचे घ्या. ती आत हाय.”

जयसिंगने तिचे हात पदराआड जाण्याआधी पाहिले होते. एकही डाग नव्हता.

“गोजरे,” तात्या म्हणाले. “आत चल.”

माजघरात अंधार होता आणि चुलीवर नाचणीच्या भाकरीचा वास. आईने त्या दिवशी कुणी न सांगता नाचणीची भाकरी केली होती. तात्या खांबाला टेकून उभे राहिले आणि भिंतीशी बोलले.

“काल काय ठरलं हुतं?”

“ठरलं हुतं का तुमी सांगितलं हुतं?” काकू म्हणाली.

“गोजरे, तुला कळतंय का, तू काय करतीयास? भाकर ववाळत्यात जित्या मानसावरनं. जिच्या नावानं आंघूळ केली तिच्यावरनं ववाळली तर ती आंघूळ खोटी ठरती. त्या आंघुळीत भिवाजी हुता. मेलेल्या भावाला मी खोटा पाडू?”

“पिच्चर हाय त्यो,” काकू म्हणाली. “तुमीच म्हनाला न्हवं, सगळं खोटंच असतंय.”

“मग त्यांचीच भाकर घ्या. ती वाळकी. आन् पानी बी त्यांच्याच घागरीतलं.”

“तात्या,” जयसिंग म्हणाला, “भाकरी कुठली आहे, यावर खरंखोटं ठरतं का?”

“तू कालिजात ठिवून ये तुझं. मानूस कुटल्या हातानं देतंय यावर ठरतंय. म्हनून तर मी नको म्हनतुया.”

आई चुलीशी पाठमोरी होती. तिने तवा उतरवला आणि चिमट्याने विस्तव मागे सारला.

काकूने पदर खोचला. “धनी, एक सांगते. मारायचं आसंल तर नंतर मारा, भाईर मानसं हायेत. त्या दिशी सगुणानं आंघूळ केलीच न्हाई.”

तात्यांनी पहिल्यांदा भिंतीवरची नजर काढली.

“मी तिला न्हाणीत घेऊन गेले. ती दगडावर बसली न् म्हनली, आक्का, पोटची हाय, मी वतून न्हाई घेनार. मग मी समदं पानी दगडावर वतलं. तिचा पदर तेवढा भिजवला, केसावर दोन हबके मारले. तुमी भाईर उभं हुता. पानी पडल्याचा आवाज तुमी ऐकला.”

जयसिंगनेही तो ऐकला होता. कुडाच्या बाहेर, ओल्या अंगाने कुडकुडत बसून त्याने तांबे मोजले होते: सात. आणि तेव्हाच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं, पण तेरा वर्षांच्या पोराला ते कशाने वाटलं हे कळलं नाही. माणसाच्या अंगावर पडलेलं पाणी आधी अंगावर फुटतं, मग ओघळून खाली येतं. एका तांब्याचे दोन आवाज होतात. दगडावर पडलेल्या पाण्याचा एकच, कोरडा. त्या दिवशी सातही तांब्यांचे आवाज एकेरी होते. तो हे बोलला नाही. पण चुलीशी बसलेल्या आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, तिला तो आवाज आत्ताही ऐकू येत असावा.

“नऊ वर्सं,” तात्या म्हणाले. “एका ताटात जेवलो आपुन, गोजरे.”

“व्हय. जेवलो.”

बाहेरून कुणीतरी ऊन चाललंय म्हणून हाक मारली. तात्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. जयसिंगकडे न बघता, भिंतीशी न बोलता ते चुलीच्या दिशेने म्हणाले, “नाचनीची घ्या. ती वाळकी तोंडात बी घालवत न्हाई.”

आई उठली. तीस वर्षांत पहिल्यांदा थोरला दीर तिच्याशी सरळ बोलला होता, आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

अन्वरने कॅमेऱ्यापासून रत्नाच्या डोळ्यापर्यंत फीत लावली. “सात फूट दोन इंच. बाई, हलायचं न्हाई हां, न्हाईतर धुरकट दिसत्याल.” हे तो आईला म्हणाला, आणि तिला बाई म्हणताना त्याची जीभ अडखळली. लहानपणी तिच्याच हातची भाकरी खाऊन तो आणि जयसिंग पौडच्या शाळेला पळत.

बातमीदाराला सबनीसांनी दोरीमागे उभं केलं होतं, पंचवीसेक फुटांवर. माणसं कमी पडली म्हणून अन्वरने एक चंदेरी फळी जयसिंगच्या हातात दिली आणि त्याला दाराच्या कडेला, चौकटीबाहेर उभं केलं. त्याच्या मागे ओट्यावर तात्या.

“बारा फूट घेऊ,” सबनीस म्हणाले.

“बारा फूट म्हणजे?” जयसिंगने विचारलं.

“फिल्म. सेकंदाला दीड फूट पळते. बारा फूट म्हंजी आठ सेकंद,” अन्वर म्हणाला. “बास होत्यात.”

“सुरंगीबाई, ओठ हलवू नका,” सबनीस म्हणाले. “तुमचं तोंड दिसतंय. आजी, तुम्ही काही बोललात तरी चालेल, आवाज घेत नाही. पण हात खोटे नकोत.”

“खोटे कशाला असत्याल?” आई म्हणाली.

कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली.

आईने भाकरीचा तुकडा मोडला. उजव्या हातात तुकडा, डाव्यात तांब्या. तिने तो डोक्यापासून पायापर्यंत तीनदा ओवाळला, घाई न करता. अर्धा तुकडा उजवीकडे टाकला, उरलेला डावीकडे. पाणी पायांवर घातलं. मग बोटं भिजवून तिने रत्नाच्या डोळ्यांना लावली, आणि तेव्हापासून ती बोलत होती. इतक्या हळू की फळी धरून चार हातांवर उभ्या असलेल्या जयसिंगलाही कान द्यावे लागले.

“वाळलीयास. जेवतीस का येळंवर? तितं पानी कसलं हाय? पाय दुकतात का गं अजून तुजे? बा गेला तुजा. शेवटाला तुजी पाटी उशाला घिऊन निजला हुता, कुणाला दावली न्हाई. मी आंघूळ न्हाई केली, रत्ना. आक्काला इचार. मी न्हाई केली.”

तिचा ओला अंगठा डाव्या भुवईवर गेला. रत्ना लहान असताना ती तिथे असाच अंगठा फिरवायची, खूण बुजावी म्हणून. मेण सुटलं, रंग ओघळला. पाऊण इंचाची जुनी खूण उन्हात पांढरी दिसू लागली. मेकअपवाला पुढे झेपावला, तसं सबनीसांनी हात आडवा धरून त्याला थांबवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून बोट गरागरा फिरवलं: चालू ठेव.

“सुकात हायेस न्हवं?” आईने विचारलं.

रत्नाला ओठ हलवायचे नव्हते. तिने हलवले नाहीत. फक्त डोळे मिटले आणि उघडले. पाणी लागल्याने मिटले की कशाने, हे फळीआडून ठरवता येईना.

तांब्या खाली ठेवून आईने आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाही मोडली.

“बास,” सबनीस म्हणाले. “बास. पुन्हा नको.”

घरघर थांबली. रत्ना उंबऱ्यासमोर उभी होती आणि आई उंबऱ्याच्या आत.

तात्या ओट्यावरून उठले. दाराच्या वाटेत त्यांची काठी आडवी पडली होती ती त्यांनी उचलली आणि बाजूला झाले.

“भाकर ववाळल्यावर मानूस भाईर ठिवत न्हाईत,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते सांगता आलं नसतं.

रत्नाने उजवा पाय उचलला. जयसिंगची नजर खालीच होती. जमिनीपासून दोन बोटं.

“सुरंगीबाई!” दोरीमागून बातमीदार ओरडला. “तसंच! दारातच राहा, आजींबरोबर एक फोटो! छान मथळा होईल, अनाथ तारकेला खेड्यात आई भेटली!”

पाय खाली टेकला, उंबऱ्याच्या बाहेर. रत्ना वळली. वळताना ती आईच्या डाव्या हाताला आली, उजवा गाल कॅमेऱ्याकडे, भुवई सावलीत. हसली. आईने पदर तोंडावर ओढला आणि आत गेली, त्यामुळे फोटोत रत्ना, दार आणि गोजरा काकूचं कोपर आलं.

“या घराची ओळख होती का पूर्वीची?” वहीत लिहीत बातमीदाराने विचारलं. “फार मनापासून केलं त्या बाईंनी.”

“नाही हो,” ती म्हणाली. मेकअपवाला तिच्या भुवईत मेण भरत होता आणि तिने मान त्याच्या हाती दिली होती. “पण माणसं फार चांगली आहेत.”

तात्या सात-आठ हातांवर होते.

मोटार बारा वाजून चाळीस मिनिटांनी गेली. खिडकीची काच वर होती. घाटाच्या वळणापर्यंत पोरं तिच्यामागे धावली, मग धूळ खाली बसली. अंगणात टाकलेले भाकरीचे दोन तुकडे कोंबड्यांनी पळवले होते.

“गोजरे,” ओट्यावर बसून तात्या म्हणाले, “सगुणाची आंघूळ खोटी हुती. माजी मातर खरी हुती.”

“ठावं हाय,” काकू म्हणाली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते प्याले नाहीत. त्यांनी त्यात बोटं बुडवली आणि तशीच ठेवली.

आई माजघरात बसली होती. परातीत उरलेली पाऊण भाकरी समोर होती. तिने ती खाल्ली नव्हती आणि झाकलीही नव्हती. जयसिंग आत आला तेव्हा तिचा उजवा अंगठा तिने मुठीत धरला होता; त्याला मेणाचा आणि रंगाचा लेप लागला होता.

“मला तोंड बगता आलं न्हाई धड,” ती म्हणाली. “निम्मा येळ तर पाण्यातच गेला. जयसिंगा, त्या अन्वरच्या डब्यात ते समदं ऱ्हातं का?”

“राहतं. हात आणि तिचं तोंड. बोललीस ते नाही.”

“बोललं ते कशाला पायजे?” ती म्हणाली. “मला लई येळ झाल्यावानी वाटलं. किती झाला आसंल रं?”

त्याला अंदाज सांगता आला असता. तो उठून बाहेर गेला. अन्वर ट्रकच्या फाळक्यावर बसून डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावत होता. जयसिंगने विचारल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या कडेला असलेली आकड्यांची लहान खिडकी दाखवली, शॉटच्या आधीचा आकडा वहीतून वाचला, आणि दोघांनी वजाबाकी केली. पुन्हा एकदा केली. दोन्ही वेळा तेच आलं.

तो परत माजघरात आला.

“बेचाळीस फूट,” तो म्हणाला. “अठ्ठावीस सेकंद.”